व्हिआंतियानला दोन दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाओसची राजधानी लहान आहे, सपाट आहे आणि गर्दीची नाही. त्यामुळे लोक तयारी न करता जातात आणि "बघण्यासारखं काही नव्हतं" म्हणत परततात. बहुतेक वेळा दोष शहराचा नसतो, वेळांचा असतो. कोणी दुपारी बाराला देवळाच्या बंद दारापाशी उभं राहतं, कोणी साडेचारला फा थात लुआंगच्या सुवर्णस्तूपाशी पोचतं, कोणी नदीकाठी भर उन्हात जातं. म्हणून खालच्या उत्तरांत "कुठे" इतकंच "किती वाजता" यालाही महत्त्व दिलं आहे.

नाव नक्की काय? व्हिएन्टियान, व्हिआंतियान की आणखी काही?

स्थानिक उच्चार साधारण "विअंगचान". आज जगभर चालतं ते स्पेलिंग फ्रेंचांनी लावलेलं, त्यावरून प्रत्येक भाषेने आपापला उच्चार काढला. "विअंग" म्हणजे तटबंदीचं गाव आणि "चान" म्हणजे चंदन. "चान"चा चंद्र असाही अर्थ होतो, त्यामुळे दोन्ही व्युत्पत्ती ऐकायला मिळतात. लाओ भाषेत पाली-संस्कृतातून आलेले शब्द भरपूर आहेत. "नखोन" म्हणजे नगर, "साय" म्हणजे जय. पातुसाय ही कमान म्हणजे सरळ विजयद्वार. एकदा कान सरावला की पाट्या वाचणाऱ्याला मजा येते.

भारतातून जायचं कसं?

मुंबई किंवा पुण्याहून थेट विमान नाही. बँकॉक, हनोई, क्वालालंपूर किंवा सिंगापूरमार्गे जावं लागतं. वाताय विमानतळ शहराच्या मध्यापासून जेमतेम चार किलोमीटरवर आहे, त्यामुळे उतरल्यावर अर्ध्या तासात खोलीवर पोचता येतं.

स्वस्तातला मार्ग थायलंडमधून जातो. बँकॉकहून देशांतर्गत विमानाने उदोन थानी, तिथून व्हॅनने साधारण ५५ किलोमीटरवरचं नोंग खाय, आणि मग मेकाँगवरचा मैत्री पूल. दुसरा पर्याय रात्रीच्या रेल्वेचा. जुलै २०२४ पासून बँकॉकच्या क्रुंग थेप अपिवत स्थानकातून रात्री निघणारी गाडी सकाळी व्हिआंतियानच्या खामसावत स्थानकात पोचते. वाटेत नोंग खायला सामानासकट उतरून थायलंडमधून बाहेर पडल्याचा शिक्का घ्यावा लागतो. तिथे गाडीतच झोपून राहू नका.

व्हिसा लागतो का? आगमनावर मिळतो का?

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. वाताय विमानतळावर आणि पहिल्या मैत्री पुलावर तो तिथल्या तिथे मिळतो, मुदत ३० दिवस. जवळ ठेवायचं ते असं: निदान सहा महिने मुदत उरलेला आणि एक पान पूर्ण कोरं असलेला पासपोर्ट (व्हिसाचं स्टिकर अख्खं पान घेतं), एक फोटो, हॉटेलचा पत्ता आणि अमेरिकन डॉलर रोख. फी ४० डॉलरच्या आसपास असते, वर एखाद-दोन डॉलर किरकोळ आकार लागू शकतो. तेव्हा ५० डॉलर सुट्या नोटांत ठेवा.

अडतं बहुधा नोटांवर. फाटलेली, शाईचा डाग असलेली, घडी पडून चिरलेली नोट काउंटरवर परत येते. मनी चेंजरकडून घेतानाच प्रत्येक नोट उजेडात धरून बघा. थाई बाथमध्ये पैसे दिले तर दर महाग लावला जातो.

ई-व्हिसाही आहे. तो काढायचा तर निघण्याआधी किमान आठवडाभर अर्ज करा आणि छापील प्रत घ्या. मोबाइलवरचं चित्र प्रत्येक ठिकाणी चालेलच असं नाही. ई-व्हिसा ठरावीक प्रवेशठाण्यांवरच चालतो, म्हणून तुम्ही ज्या मार्गाने शिरणार ते ठाणं यादीत आहे का हे फी भरण्याआधी पाहा. नियम आणि फी बदलत राहतात, निघण्याच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळ एकदा उघडाच.

थायलंडमार्गे गेलो तर परतीला अडचण येते का?

येऊ शकते, आणि ही चूक फार लोक करतात. थायलंडमधून लाओसला गेलात की थायलंड सोडल्याचा शिक्का बसतो. परत बँकॉकला आलात की तो नवा प्रवेश. तुमच्याकडे एकदाच प्रवेश देणारा थाई व्हिसा असेल तर तो पहिल्या खेपेतच संपलेला असतो. व्हिसामुक्त प्रवेशावर जात असाल तर जमिनीवरच्या सीमेला त्या वेळी कोणते नियम आहेत ते पाहून घ्या. थायलंडचं डिजिटल आगमन कार्डही प्रत्येक प्रवेशासाठी वेगळं भरावं लागतं, आणि ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं. मुंबईत बसून दोन्ही खेपांचं एकदम भरून टाकू म्हटलं तर जमत नाही.

पुलावर नेमकं काय होतं? क्रमाने सांगाल का?

पहिला थाई-लाओ मैत्री पूल एप्रिल १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मदतीने उभा राहिला. लांबी १,१७० मीटरच्या आसपास. सीमा सकाळी सहा ते रात्री दहा उघडी असते.

आधी थाई बाजूला बाहेर पडण्याचा शिक्का. मग पुलापलीकडे नेणाऱ्या बसचं तिकीट. सामान्य प्रवाशांना पूल पायी ओलांडू देत नाहीत. वाटेत वाहनं डावीकडून उजवीकडे जातात, कारण थायलंडमध्ये आपल्यासारखी डावी बाजू आणि लाओसमध्ये उजवी. लाओ बाजूला उतरलात की आधी व्हिसाची खिडकी शोधा. लोक समोर दिसणाऱ्या इमिग्रेशनच्या लांब रांगेत उभे राहतात आणि अर्ध्या तासाने मागे पाठवले जातात. फॉर्म, फोटो, पासपोर्ट एका खिडकीत द्या, दुसरीकडून स्टिकर लागलेला पासपोर्ट घ्या, आणि मग इमिग्रेशनच्या रांगेला लागा. शिक्क्यावरची तारीख तिथल्या तिथे वाचून घ्या.

"मी फॉर्म भरून देतो" म्हणत माणसं जवळ येतात. फॉर्म फुकट असतो आणि भरायला पाच मिनिटं लागतात.

बाहेर आल्यावर शहर सुमारे वीस किलोमीटरवर. १४ नंबरची हिरवी-पांढरी शहरबस तलात साओ बाजाराजवळच्या स्थानकात सोडते. अंगावर ओझं नसेल तर तिच्यासारखं स्वस्त आणि सरळ साधन नाही. टुकटुकवाले "बस बंद झाली" म्हणतात. बसथांब्यापर्यंत स्वतः चालत जा आणि बघा.

नोंग खाय किंवा उदोन थानीहून थेट व्हिआंतियानची आंतरराष्ट्रीय बसही असते. ती व्हिसाच्या रांगेत अडकलेल्यांसाठी थांबत नाही. तिने जायचं असेल तर हातात ई-व्हिसा असू द्या.

पैसे कुठले न्यायचे? रुपये चालतात का?

रुपये चालत नाहीत, कोणी बदलूनही देत नाही. डॉलर किंवा बाथ न्या आणि शहरात पोचल्यावर बँकेच्या काउंटरवर किप, म्हणजे लाओसचं चलन, घ्या. किप देशाबाहेर जवळपास कुठेच बदलून मिळत नाही, म्हणून थोडे-थोडे घ्या.

हिशेबाची युक्ती: शेवटची तीन शून्यं काढा आणि चारने गुणा. १,००,००० किप म्हणजे शंभर गुणिले चार, साधारण चारशे रुपये. सध्या डॉलरला २१ ते २२ हजार किप असतात म्हणून हे जमतं. २०२१ च्या सुरुवातीला हाच दर नऊ-दहा हजारांच्या घरात होता, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतले आकडे पार विसरा.

नाणी वापरात नाहीत. दोन हजारांपासून एक लाखापर्यंतच्या सगळ्या नोटांवर कम्युनिस्ट लाओसचे पहिले पंतप्रधान कायसोन फोमविहान यांचाच चेहरा आहे. रात्रीच्या उजेडात दहा हजारांच्या जागी एक लाखाची नोट जाणं फार सोपं. चेहरा बघू नका, शून्यं मोजा. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवल्या तर निम्मा घोळ टळतो.

एटीएममधून एका वेळी मर्यादित रक्कम निघते आणि प्रत्येक वेळी शुल्क लागतं, वर आपल्या बँकेचं वेगळं. दुकानादुकानांत क्यूआर कोड दिसतात, पण ते मुख्यतः स्थानिक बँक खात्यांसाठी आहेत. आपल्या यूपीआयच्या सवयीने रिकाम्या खिशाने जेवायला बसू नका.

राहायला कुठला भाग बरा?

सेत्तातिरात रस्ता आणि नदीकाठचा फा न्गुम रस्ता यांच्या मधला पट्टा, नाम फू कारंज्याच्या आसपास. इथून वात सी साकेत (वात म्हणजे देऊळ), रात्रबाजार, नदीकाठ आणि खाण्याची बरीच ठिकाणं चालत गाठता येतात. नदीसमोरची खोली घेताना एवढं विचारा की खाली बार आहे का. शहर शांत असलं तरी एखादा बार तेवढी शांतता मोडायला पुरतो.

दोन दिवस पुरतात का? कसे वाटावेत?

पुरतात. तीन दिवस निवांत होतात, चौथ्या दिवशी बहुतेकांना कंटाळा येतो.

बहुतेक प्रमुख स्थळं सकाळी आठला उघडतात, बारा ते एक जेवणासाठी बंद असतात आणि चारच्या सुमाराला मिटतात. सगळा आराखडा यावर बसवायचा. पहिल्या दिवशी आठलाच वात सी साकेत, मग रस्ता ओलांडून हो फ्रा केओ. साडेदहाच्या सुमाराला लान सांग हमरस्त्याने पातुसाय. दुपारचं ऊन बाँबच्या जखमींसाठी काम करणाऱ्या कोप या संस्थेच्या संग्रहालयात, आत बसून. तिथून वात सी मुआंग, आणि पाचला नदीकाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बुद्ध उद्यान, जेवून थोडा आराम, आणि अडीच-तीनला फा थात लुआंग. उतरत्या उन्हात त्याचं सोनं खरं खुलतं, दुपारी बाराला डोळे दिपतात आणि फोटो पांढरा येतो.

वात सी साकेतमध्ये एवढं काय आहे?

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, हे सोडू नका.

राजा अनुवोंगने हे १८१८ मध्ये बांधलं. पुढे त्याने सयामविरुद्ध (आजचं थायलंड) उठाव केला आणि १८२७-२८ मध्ये सयामी सैन्याने शहर अक्षरशः बेचिराख केलं. हे देऊळ मात्र वाचलं. त्याची घडण सयामी धाटणीची होती म्हणून, असं कारण सहसा सांगतात. आज शहरात बाकी जे "प्राचीन" दिसतं त्यातलं बरंचसं विसाव्या शतकात पुन्हा उभारलेलं आहे, हे लक्षात ठेवून इथे फिरा.

मुख्य मंडपाभोवती ओवऱ्या आहेत. त्यांच्या भिंतीत हजारो लहान कोनाडे आहेत, आपल्या जुन्या वाड्यातल्या पणतीच्या कोनाड्यांची आठवण यावी तसे. जवळ जाऊन पाहिलं की कळतं, बहुतेक कोनाड्यांत मूर्ती एक नाही, दोन आहेत, शेजारी शेजारी, बोटभर-वीतभर उंचीच्या. कुठे चांदीची, कुठे भाजलेल्या मातीची. काहींची नाकं झिजलेली, काही कोनाडे रिकामे. खाली फळीवर मोठे बुद्ध ओळीने बसलेले. ओवरीच्या एका भागात जाळीमागे लढाईत मोडलेल्या मूर्तींची रास आहे, नुसती धडं आणि डोकी. मंडपाच्या मागच्या बाजूला लाकडी नागाच्या आकाराची लांब पन्हळ दिसेल. नववर्षाला तिच्यातून पाणी सोडून मूर्तींना स्नान घालतात.

तासभर तरी ठेवा. मंडपाच्या आत फोटो काढायला मनाई आहे, ओवऱ्यांत चालतो.

समोरचं हो फ्रा केओ बघायचं का?

बघा, पण गोष्ट माहीत असेल तरच त्यात रस वाटतो. राजा सेत्तातिरातने सोळाव्या शतकात राजधानी लुआंग प्राबांगहून इथे आणली, आणि पाचूचा बुद्ध म्हणून प्रसिद्ध असलेल्या मूर्तीसाठी हे मंदिर बांधलं. १७७९ मध्ये सयामी सैन्य ती मूर्ती घेऊन गेलं. आज ती बँकॉकच्या राजवाड्यातल्या मंदिरात आहे. इथे उरलं ते रिकामं घर, तेही १९३६ ते १९४२ दरम्यान पुन्हा बांधलेलं. आता ते पूजास्थान नाही, संग्रहालय आहे. व्हरांड्यातले काशाचे बुद्ध उत्तम आहेत, आणि बागेत शिएंग खुआंगच्या पठारावरचा एक अजस्र दगडी रांजण ठेवला आहे. अर्धा-पाऊण तास पुरे.

पातुसायवर चढता येतं? वयस्क माणसांना झेपेल?

चढता येतं, लिफ्ट नाही. मधल्या मजल्यांवर टी-शर्ट आणि आठवणवस्तूंची दुकानं आहेत, त्यामुळे थांबत थांबत जाता येतं. वरून लान सांग रस्ता थेट राष्ट्रपती भवनापर्यंत दिसतो.

कमानीचं बांधकाम १९५७ ते १९६८ असं रखडत चाललं. त्यात वापरलेलं सिमेंट अमेरिकेने विमानतळाच्या धावपट्टीसाठी दिलं होतं असं सांगतात, म्हणून तिला "उभी धावपट्टी" असं टोपणनाव पडलं. तिथल्या माहितीफलकात तिला जवळून पाहिल्यावर काँक्रीटचा राक्षस म्हटलं होतं. सरकारी पाटीवर एवढा प्रामाणिकपणा क्वचितच सापडतो. गुडघे दुखत असतील तर खालीच थांबा, कमानीखाली उभं राहून मान वर करा. छतावर विष्णू, ब्रह्मा, इंद्र कोरलेले आहेत.

फा थात लुआंग फक्त बाहेरून पाहिला तर चालेल?

बाहेरून मोकळ्या पटांगणातून तो पूर्ण दिसतो, आणि फोटोपुरतं तेवढं पुरतं. सेत्तातिरातने १५६६ मध्ये बांधायला घेतलेला हा ४५ मीटर उंचीचा स्तूप देशाचं बोधचिन्ह आहे, नोटांवरही तोच आहे. मूळ वास्तू १८२८ च्या विध्वंसानंतर पडीक झाली. फ्रेंचांनी १९०० च्या सुमाराला केलेली डागडुजी लोकांना आवडली नाही, म्हणून १९३० च्या दशकात पुन्हा काम झालं. तिकीट काढून आत गेलात तर ओवऱ्यांतून फेरी मारता येते. शहराच्या मध्यापासून अंतर चार किलोमीटर. चालत जाऊ नका, वाटेत सावली नाही.

वात सी मुआंगला लोक नवस बोलतात, ते कसं?

शहराचा आधारस्तंभ इथे आहे. तो खड्ड्यात उभारताना सी नावाच्या गर्भवती स्त्रीने स्वतःला झोकून दिलं अशी आख्यायिका आहे. बांधकाम टिकावं म्हणून दिलेल्या बळीच्या गोष्टी आपल्याकडच्या किल्ल्यांनाही चिकटलेल्या आहेत, त्यामुळे ही फार परकी वाटत नाही. लोक आतल्या भागात ठेवलेली लहान मूर्ती उशीवरून तीनदा उचलून मनातली इच्छा बोलतात. इच्छा पुरी झाली की केळी, नारळ, फुलं घेऊन परत यायचं. दाराशी झेंडूच्या फुलांचे आणि केळीच्या पानांचे सुळक्यासारखे रचलेले मनोरे विकायला असतात. देवळामागे ख्मेर काळातल्या जांभ्या दगडाचा ढिगारा आहे, तोही पाहून घ्या. हे जिवंत देऊळ आहे, दर्शनाला आलेल्यांच्या अंगावरून कॅमेरा नेऊ नका.

कोप केंद्रात मुलांना न्यावं का?

दहा-बारा वर्षांवरच्या मुलांना जरूर न्या. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकी विमानांनी लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. त्यांतले सुमारे २७ कोटी छोटे गोळे गुच्छबाँबमधले होते आणि त्यांतले तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. शेत नांगरताना, विस्तव पेटवताना ते आजही फुटतात. स्थानिक लोक त्यांना "बाँबी" म्हणतात. चेंडूएवढा आकार, त्यामुळे मुलं उचलतात. कोप ही संस्था जखमींना कृत्रिम पाय बसवते, आणि तिचं हे छोटं संग्रहालय पुनर्वसन केंद्राच्या आवारात आहे. छताला टांगलेले पाय दिसतील. त्यात कारखान्यातले आहेत, आणि खेड्यातल्या माणसांनी लाकडाचे, पत्र्याचे स्वतः बनवून वर्षानुवर्षं वापरलेलेही आहेत. प्रवेश फुकट, देणगीची पेटी आहे. सव्वा तास काढा आणि नंतर लगेच खरेदीला जायचं ठरवू नका.

बुद्ध उद्यानाला जायचं कसं आणि ते किती जुनं आहे?

जुनं अजिबात नाही. शेवाळ आणि पावसाने काळवंडलेल्या मूर्ती पाहून लोक हजार वर्षांचा अंदाज बांधतात. प्रत्यक्षात बुनलुआ सुलिलत नावाच्या साधूने १९५८ मध्ये हे काम सुरू केलं, आणि सगळं काँक्रीटचं आहे. दोनशेहून अधिक मूर्ती, बौद्ध आणि हिंदू एकत्र. तीन सोंडांच्या हत्तीवरचा इंद्र सहज ओळखू येतो, बाकीचे ओळखण्यात मुलांचा वेळ छान जातो. दारापाशी भोपळ्यासारखा मोठा घुमट आहे. त्याच्या जबड्यातून आत शिरायचं, तळाला नरक, मग पृथ्वी, मग स्वर्ग. जिना अरुंद, काळोखा आणि ठेंगणा आहे, उंच माणसांनी डोकं सांभाळावं. १९७५ नंतर हा साधू नदी ओलांडून नोंग खायला गेला आणि तिथे आणखी मोठ्या मूर्ती उभारल्या.

अंतर सुमारे २५ किलोमीटर. १४ नंबरची बस पुलाजवळच्या थांब्यावरून पुढे इथपर्यंत येते, एकूण तासभर लागतो. चढताना चालकाला विचारा, काही फेऱ्या पुलाशीच संपतात. टुकटुक केलीत तर भाडं जाऊन-येऊन आणि थांबण्याच्या वेळेसह ठरवा, आणि पैसे परत आल्यावरच द्या.

शहरात फिरायला काय बरं?

मध्यभागात पाय किंवा सायकल. लांबच्या अंतराला लोका हे स्थानिक अॅप वापरा, भाडं आधी दिसतं आणि घासाघीस वाचते. टुकटुकवाल्यांचा पहिला आकडा परदेशी माणसासाठी फुगवलेला असतो. हसत निम्मा सांगा आणि जमलं नाही तर चालू लागा. आवाज चढवला की सौदा संपतो. चारचौघांत रागावणं इथे फार वाईट दिसतं.

स्कूटर भाड्याने घेताना पासपोर्ट तारण ठेवू नका, रोख अनामत द्या. गाडीवरचे जुने ओरखडे दुकानदारासमोर व्हिडिओत टिपून ठेवा. फुटपाथवरच्या गटारावरच्या लाद्या कुठे सुटलेल्या, कुठे गायब. रात्री मोबाइलचा दिवा लावून चाला.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

नाही, पण "व्हेज" म्हणून भागणार नाही. अडचण मांसाची कमी आणि रसाची जास्त आहे. नाम पा म्हणजे माशाचं पातळ खारं पाणी आणि पाडेक म्हणजे आंबवलेल्या माशाची दाट, उग्र चटणी. या दोन गोष्टी जवळपास सगळ्या तिखट पदार्थांत असतात, आणि बनवणाऱ्याच्या लेखी ते मासे नसून मीठच.

नुसतं "बॉ किन सीन" (मांस खात नाही) म्हटलंत तर कोंबडी किंवा मासा येऊ शकतो. सोबत "बॉ साइ नाम पा, बॉ साइ पाडेक" (नाम पा घालू नका, पाडेक घालू नका) म्हणा. "किन चे" म्हटलं की शुद्ध शाकाहारी असं समजतं, तशी पाटी असलेली खानावळी सापडली तर प्रश्नच मिटला. कोंबडी "काइ" आणि अंडं "खाइ" यांतला फरक आपल्या उच्चारात टिकत नाही. हॉटेलातल्या माणसाकडून ही वाक्यं लाओ लिपीत लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा.

तम माक हुंग म्हणजे कच्च्या पपईचं कुटलेलं कोशिंबीर, पाडेकशिवाय करून मागता येतं. मात्र गाडीवरचा खल दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये धुतला जात नाही, वास राहतोच. चालत नसेल तर गाडीवर मागू नका. भाजलेल्या वांग्याचं "चेओ माक खुआ" म्हणजे आपल्या भरिताचा सख्खा भाऊ. आप्पेपात्रासारख्या तव्यात होणारे नारळाच्या दुधाचे गोड "खाओ नोम कोक" सकाळी गरम मिळतात, ते निर्धास्त खा. अंडं चालत असेल तर फ्रेंच वळणाच्या लांब पावात ऑम्लेट घालून देतात. नदीकाठच्या भागात भारतीय खानावळीही आहेत.

चिकट भात कसा खातात?

खाओ निआओ बांबूच्या झाकणाच्या टोपलीत येतो. लिंबाएवढा गोळा तोडायचा, बोटांत दाबून चपटा करायचा आणि चटणीत किंवा रश्शात टेकवून खायचा. पूर्ण बुडवला तर वाटीत सुटतो. हात धुऊन कोरडे करा, ओल्या बोटांना तो जास्त चिकटतो. प्रत्येक वेळी झाकण परत लावा, उघडा राहिला की पाच मिनिटांत वरचा थर वातड होतो. शेजारची टोपली सामाईक असते, अख्खा गोळा काढून ताटात थापून ठेवू नका.

संध्याकाळी काय करायचं?

नदीकाठ. चाओ अनुवोंग उद्यानापाशी पाचच्या सुमाराला या. समोर थायलंड, सूर्य त्या बाजूला उतरतो. मार्च-एप्रिलमध्ये पाणी इतकं मागे हटतं की मधे वाळूची मैदानं दिसतात. पाचच्याच सुमाराला स्पीकर लावून सामूहिक एरोबिक्स सुरू होतं, थोडे पैसे देऊन कोणीही शेवटच्या रांगेत उभं राहू शकतं. मागे लाल छतांचा रात्रबाजार लागतो. कपडे आणि मोबाइलची कव्हरं जास्त, हातमागाचं अस्सल कमी. खरं रेशीम हवं असेल तर तलात साओत किंवा विणकरांच्या दुकानात जा. दहानंतर शहर झोपतं.

कुठल्या महिन्यात जावं? सणाला जावं का?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पातळ स्वेटर लागतो. मार्च-एप्रिलला उन्हाळा आणि शेतं जाळल्याचा धूर, दम्याच्या रुग्णांनी टाळावं. मे ते ऑक्टोबर पाऊस.

इथलं पंचांगही चंद्रावर चालतं, म्हणून आपल्याला तारखा लक्षात ठेवणं सोपं. वर्षावास संपण्याची बुन ओक फान्सा बहुधा आपल्या कोजागरीला येते, दुसऱ्या दिवशी मेकाँगवर नौकांच्या शर्यती. थात लुआंगचा उत्सव बहुधा कार्तिकी पौर्णिमेला. दोन्ही वेळा खोल्या आधी घ्या आणि नदीकाठचा किंवा थात लुआंगचा रस्ता बंद असेल हे धरून चाला. १४ ते १६ एप्रिलच्या सुमाराला नववर्ष. रस्त्यावर कोणालाही बादलीभर पाणी बसतं, पासपोर्ट प्लॅस्टिकमध्ये ठेवा, कचेऱ्या आणि बरीच दुकानं बंद असतात.

देवळांत पोशाखाचे नियम?

खांदे आणि गुडघे झाकलेले, चपला बाहेर, बुद्धाकडे पाय करून बसू नये. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये, वस्तूही थेट हातात देऊ नये. सलवार-कुर्ता सगळीकडे चालतो.

इथून रेल्वेने लुआंग प्राबांगला जायचं आहे. काय सांभाळावं?

लाओस-चीन रेल्वे ३ डिसेंबर २०२१ ला सुरू झाली. जो प्रवास बसने दिवस खाई तो आता दोन तासांच्या आसपास होतो. स्थानक शहराबाहेर दहा किलोमीटरहून लांब आहे, खामसावत स्थानकाशी गल्लत करू नका, दोन्ही वेगळी आहेत. तिकिटावरचं नाव आणि क्रमांक पासपोर्टशी जुळायला हवा. तासभर आधी पोचा, फलाटाचं दार गाडी सुटण्याआधीच बंद होतं. तपासणीत सुरी, कात्री आणि दाबाचे फवारे काढून घेतात. डासांचा आणि डिओडरंटचा स्प्रे हमखास जातो. मलम किंवा रोल-ऑन न्या. पानाचा शौक असेल तर अडकित्ताही घरीच ठेवा.

पाणी, औषधं, सुरक्षितता?

नळाचं पाणी पिऊ नका. डेंग्यू असतो, संध्याकाळी पूर्ण बाह्या घाला. मोठा आजार किंवा अपघात झाला तर उपचारासाठी उदोन थानीला नेण्याची वेळ येते, म्हणून प्रवासविम्यात थायलंडमध्ये हलवण्याचा खर्च धरला आहे का ते पाहा. फुकट किंवा अतिस्वस्त दारू घेऊ नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये वांग विएंगला मिथेनॉलच्या विषबाधेने सहा परदेशी पर्यटक दगावले. सीलबंद बाटली किंवा बिअर घ्या. आपली तीन जाड पिनांची प्लग इथल्या सॉकेटमध्ये सहसा बसत नाही, अडॅप्टर न्या.

आणि कोणी तुम्हाला किंवा ओळखीच्या तरुणाला पर्यटक व्हिसावर लाओसमध्ये डेटा एंट्री किंवा कस्टमर सपोर्टची घसघशीत पगाराची नोकरी देत असेल तर जाऊ नका. उत्तरेकडच्या गोल्डन ट्रँगल भागातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकलेल्या भारतीयांना भारतीय दूतावासाने सोडवलं आहे, आणि त्याबद्दल वारंवार इशारेही दिले आहेत.

निघताना उरलेल्या किपचं काय करायचं?

पुलावरून जात असाल तर बाहेर पडण्याच्या किरकोळ शुल्कासाठी वीस-तीस हजार राखा. बाकीचे आदल्या संध्याकाळीच कॉफीवर घालवा. दक्षिणेकडच्या बोलावेन पठारावरची पूड पाव किलोच्या पाकिटांत बाजारात मिळते, आणि विमानतळापेक्षा बरीच स्वस्त पडते.